दखनी : आपल्या घरच्या बोलीचा इतिहास

आमच्या लहानपणी वर्गात एक प्रसंग वारंवार घडत असे. एखादा मुलगा उभा राहून म्हणे, "मेरेकू पानी पीनेकू जानेका है." गुरुजी त्याला तेथेच अडवीत. "मेरेकू नहीं, मुझे." मुलगा अडखळत "मुझे" म्हणे, वर्ग हसे आणि मगच पाण्याची परवानगी मिळे. संध्याकाळी तोच मुलगा घरी जाई, तेव्हा चुलीपुढे बसलेली आई विचारी, "तेरेकू भूक लगी क्या?" आणि त्या पोराच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा शंका येई, की आपली आई चुकीचे बोलते.

त्या मुलांपैकी मी एक. गुरुजींना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांना जे शिकविले गेले तेच ते आम्हांला शिकवीत होते. पण पालकांच्या सभांत आजही हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने विचारला जातो. "मास्तर, पोरं घरी गावठी उर्दू बोलतात, ती कशी सुधारावी?" मराठी शाळेत घातले तर तेथे त्याच्या मराठीला हसतात, उर्दू शाळेत घातले तर तेथे त्याच्या उर्दूला हसतात, आणि पुण्या-मुंबईस गेले तर त्याच्या हिंदीला. पोराने तोंड उघडावे तरी कुठे? अशा मुलाने गप्प बसण्याची सवय लावून घेतली, तर पुढे तोंडी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत तो मागे का पडतो, याचे आश्चर्य वाटू नये.

ज्या बोलीला आपण गावठी उर्दू म्हणतो तिचे नाव दखनी. ती उर्दू बिघडून झालेली नाही. वयाने पाहिले तर ती आजच्या पुस्तकी उर्दूची थोरली बहीण लागते. हे मी अभिमानापोटी म्हणत नाही, तारखा पाहून म्हणतो.

इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीची स्वारी देवगिरीवर आली. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये मुहंमद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली आणि तिला दौलताबाद नाव दिले. त्या निर्णयाला इतिहासात वेडेपणा म्हणतात, असेलही. पण त्या वेडेपणाने दिल्लीचे सैनिक, कारकून, कारागीर, आलिम आणि सूफी आपल्या बायकापोरांसह गोदावरीच्या खोऱ्यात आणून सोडले. त्यांच्या तोंडी जी भाषा होती तिला त्या वेळी कोणी उर्दू म्हणत नव्हते. दिल्लीच्या आसपासची खडी बोली, हरियाणाची बोली आणि पंजाबी यांचे ते मिश्रण होते. पुढे तिला कोणी हिंदवी म्हटले, कोणी हिंदी, कोणी गुजरी, आणि दख्खनमध्ये रुळली म्हणून दखनी.

त्यानंतर वीसच वर्षांनी, १३४७ मध्ये, दख्खनच्या सरदारांनी दिल्लीशी नाते तोडून बहमनी राज्य स्थापन केले. भाषेच्या दृष्टीने ही तारीख १३२७ पेक्षाही महत्त्वाची आहे. माहेरचा रस्ता बंद झाला. दिल्लीत पुढे बोली बदलत गेली, ते बदल इकडे पोहोचले नाहीत. आणि इकडे मराठी, कानडी, तेलुगू यांच्या शेजारात जे घडले, ते दिल्लीला कळले नाही.

बहमनींची राजधानी आधी गुलबर्ग्याला होती. अहमदशहा वलीच्या कारकिर्दीत (१४२२ ते १४३६) ती बिदरला आली. उदगीरहून बिदर किती लांब? सकाळी एस.टी.त बसले तर चहाच्या वेळेला पोहोचता येते. याच सुमारास बिदरमध्ये फख्रुद्दीन निजामी या कवीने 'कदमराव पदमराव' ही मसनवी लिहिली. दखनीतील आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने दीर्घकाव्य. ते शतकानुशतके हस्तलिखितातच राहिले, डॉ. जमील जालिबी यांनी १९७३ मध्ये कराचीहून छापून प्रसिद्ध केले. कथा राजा कदमरावाची. त्याचा वजीर पदमराव हा नाग आहे, आणि अखरनाथ नावाचा जोगी राजाला परकायाप्रवेशाची विद्या शिकवितो. नावे पाहा, कथा पाहा! भाषाही तशीच आहे. अरबी-फारसी शब्द फार थोडे, देशी शब्दांचा भरणा. मुसलमान कवीने बहमनी राजधानीत बसून लिहिलेले हे काव्य आपल्या उदगीर, देगलूरच्या अंगणातले म्हटले पाहिजे.

या काळातील आणखी एका ग्रंथाचा उल्लेख जुन्या पाठ्यपुस्तकांत येतो. तो म्हणजे गुलबर्ग्याचे हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (निधन १४२२) यांच्या नावावरचा 'मेराजुल आशिकीन'. हा दखनीचा पहिला गद्यग्रंथ असे आम्ही पाठ केले होते. पुढे डॉ. हफीज कतील यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले, की तो ख्वाजासाहेबांचा नसून बराच नंतरचा आहे. बुजुर्गांच्या नावावर पुस्तके चिकटविण्याची आपली सवय जुनी आहे. त्याने बुजुर्गांची थोरवी वाढत नाही आणि इतिहास मात्र बिघडतो.

सूफींनी दखनीसाठी जे खरोखर केले, ते याहून मोलाचे आहे. शम्सुल उश्शाक मीरांजी आणि त्यांचे चिरंजीव बुरहानुद्दीन जानम या विजापूरच्या सूफींनी अध्यात्म दखनीत लिहिले, कारण फारसी न जाणणाऱ्यांपर्यंत त्यांना पोहोचावयाचे होते. त्यांच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' हे काव्यप्रकार निर्माण झाले. जात्यावर दळताना आणि चरख्यावर सूत काढताना बायकांनी म्हणावयाची ही गीते. जात्याची फिरणारी पाळी, मधला खुंटा, पडणारे पीठ यांवरून अल्लाचे नाव आणि मुर्शिदाची आठवण करून दिलेली असे. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८ च्या ग्रंथात या गीतांना मोठे महत्त्व दिले आहे. दख्खनच्या खेड्यांत इस्लामची ओळख घरोघर पोहोचली ती मुख्यतः बायकांच्या या गाण्यांतून, असे त्याचे प्रतिपादन आहे. शेजारच्या घरात त्याच पहाटे मराठी ओवी चालू असे. दोन्ही घरांच्या जात्याचा आवाज एकच. माझ्या मते आपल्या दखनीत मराठी इतकी खोलवर मुरली ती दरबारात नव्हे, तर या पहाटेच्या अंधारात आणि विहिरीच्या काठावर.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. पैठणच्या एकनाथांनी (१५३३ ते १५९९) 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला, त्यात तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची भाषा घातली. म्हणजे ती भाषा त्यांच्या श्रोत्यांना समजत होती. उलट बाजूस श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बिदरच्या बहमनी घराण्यातील समजले जाणारे शहा मुंतोजी यांनी तर मृत्युंजय या नावाने मराठीत ग्रंथरचना केली.

गोवळकोंडा आणि विजापूरच्या दरबारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा मी थोडक्यात आटोपतो. हैदराबाद शहर १५९१ मध्ये वसविणारा मुहंमद कुली कुतुबशहा स्वतः दखनीत शायरी करी. त्याच्या दिवाणात 'मिरग' या विषयावर कविता आहेत. मिरग म्हणजे आपले मृग नक्षत्र, पेरणीचे. लातूरचा शेतकरी आजही "मिरग निघाला" म्हणतो. मुल्ला वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' हे गद्य लिहिले, तर विजापूरच्या नुस्रतीने 'अलीनामा'. मराठी 'नको' आणि जोर देण्याचा 'च' या जुन्या ग्रंथांत जागोजाग भेटतो. तेव्हा "नक्को" म्हणणाऱ्या पोराला कोणी हसले, तर सुलतानाच्या दिवाणातही हा शब्द आहे, असे त्याने खुशाल सांगावे.

मग हीच भाषा गावठी कशी ठरली? ही कथा थोडी कडू आहे. वली दखनी हा औरंगाबादशी (आताचे छत्रपती संभाजीनगर) निगडित असलेला थोर शायर. त्याचा दिवाण १७२० च्या सुमारास दिल्लीस पोहोचला. तोवर दिल्लीचे शायर प्रतिष्ठेसाठी फारसीत लिहीत. घरच्या बोलीत इतकी सुरेख गझल होऊ शकते हे त्यांना वलीने दाखविले, आणि दिल्लीत उर्दू शायरीची लाट आली. परंतु लाट आल्यावर पहिले काम काय झाले? भाषा 'साफ' करण्याचे. १७५२ मध्ये मीर तकी मीर याने शायरांचा तज्किरा लिहिला. रेख्त्याची सुरुवात दख्खनमध्ये झाली हे त्यात त्याने मान्य केले, पण तेथे धड सुसंगत लिहिणारा कोणी झाला नाही, अशा आशयाचा शेराही मारला. १७५५-५६ मध्ये शाह हातिमने आपल्या जुन्या दिवाणातून निवड करून 'दीवानजादा' तयार केला आणि कोणत्या जातीचे शब्द आपण सोडून दिले, ते प्रस्तावनेत नोंदविले. देशी वळणाचे कित्येक शब्द असे हद्दपार झाले. ज्या घरून दिवा आणला त्याच घराला अंधारे म्हणावे, तसा हा प्रकार.

आपल्या मुलखात त्याचा परिणाम आणखी दीडशे वर्षांनी जाणवला. निजामाच्या राज्याचा कारभार १८८४ पर्यंत फारसीत चालत होता. त्यानंतर उर्दू आली. पण आली ती दिल्ली-लखनौची, तिकडूनच आलेल्या अधिकाऱ्यांबरोबर. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. ती फार मोठी गोष्ट होती यात शंका नाही. आधुनिक शास्त्रे एका भारतीय भाषेत शिकविण्याचा असा प्रयोग दुसरीकडे झालेला नव्हता. मात्र कचेरीत, शाळेत, विद्यापीठात एक उर्दू आणि चुलीपाशी दुसरी, अशी फाळणी पक्की झाली. दखनी घरात राहिली, आणि जी भाषा फक्त घरात राहते तिला हळूहळू घरातलेच लोक कमी लेखू लागतात.

योगायोग असा, की दखनीचे जुने ग्रंथ उजेडात आणण्याचे कामही मराठवाड्यातूनच झाले. मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली अंजुमन तरक्की-ए-उर्दू १९१३ पासून १९३८ पर्यंत औरंगाबादेत होती. 'सबरस' छापून वाचकांपुढे ठेवला तो याच मौलवीसाहेबांनी, १९३२ मध्ये. मराठीवर फारसीचा परिणाम काय झाला, यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे मराठवाड्याचेच देवीसिंग चौहान यांनी मराठी आणि दखनी यांच्या संबंधांवर आयुष्यभर संशोधन केले. हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात बसलेला हा राजपूत गृहस्थ दखनी पोथ्या वाचीत बसे, आणि आपण मात्र आपल्या पोरांना "नीट बोल" म्हणून दटावीत होतो. असो.

येथे एका दूरच्या देशाचे उदाहरण देतो, कारण आपल्यासारखीच कथा तेथे घडली आणि शेवट मात्र वेगळा झाला. तो देश स्पेन. अंदलुसचे नाव निघाले की आपल्या वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावतात. कुर्तुब्याची मशीद, गरनाट्याचा अल्हम्रा. पण आजच्या स्पॅनिश भाषेत अंदलुस अजून जिवंत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इ.स. ७११ ते १४९२ या काळात अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेले शब्द, त्यांच्यापासून झालेले शब्द धरून, चार हजारांच्या घरात मोजले जातात. नगराध्यक्षाला ते 'अल्काल्दे' म्हणतात, तो आपला काजी. जकातीच्या नाक्याला 'अदुआना', ते आपले दिवाण. साखरेला 'असूकार'. अमक्या-फलाण्या माणसाला 'फुलानो', तो तर आपला फलाणाच! आणि "असे झाले तर बरे" या अर्थी 'ओहाला' म्हणतात, त्यात अल्लाचे नाव दडलेले आहे. बोलणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

ही भाषाही आपल्या दखनीप्रमाणे घर सोडून निघाली. १४९२ या एकाच वर्षी गरनाटा पडला, नेब्रिखाने स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले, ज्यूंना देशाबाहेर काढले आणि कोलंबस पश्चिमेस निघाला. ज्यू लोक तुर्कांच्या सलोनिका, इस्तंबूल या शहरांत जाऊन राहिले आणि त्यांच्या घरांत पंधराव्या शतकातील स्पॅनिशची रूपे पुढे चारशे वर्षे टिकली. दुसरीकडे, अमेरिकेस जाणारी जहाजे सेव्हियाहून सुटत, म्हणून जाणाऱ्यांत दक्षिण स्पेनचे, म्हणजे अंदलुसियाचे लोक पुष्कळ होते. माद्रिदचा माणूस 'कासा' म्हणजे घर आणि 'काथा' म्हणजे शिकार असा फरक करतो. अमेरिकेत सर्वत्र दोन्हींचा उच्चार 'कासा'. आपल्याकडे काय होते? दखनीत 'क़ाफ'चा उच्चार 'ख' होतो, त्यामुळे कब्रही 'खबर' आणि बातमीही 'खबर'. यावरून आपली टर उडविली जाते. तिकडे कोट्यवधी लोक घर आणि शिकार एकाच उच्चाराने बोलतात, आणि कोणाचे काही अडत नाही.

आणखी एक साम्य. 'तू' या अर्थी 'वोस' हा जुना शब्द स्पेनमध्ये वापरातून गेला, पण अर्जेंटिनात राहिला. आंद्रेस बेल्यो या विद्वानाने १८४७ मध्ये अमेरिकेतील लोकांसाठी व्याकरण लिहिले. तोही या 'वोस'वर नाराज होता आणि शाळामास्तरांनी तो मुलांच्या तोंडून काढावा असे त्याचे मत होते. म्हणजे "मेरेकू नहीं, मुझे" म्हणणारे गुरुजी तेथेही होते. पण लोकांनी 'वोस' सोडला नाही. लेखकांनी तो कथा-कादंबऱ्यांत आणला, आणि १९८२ मध्ये, ज्या वर्षी आपला लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी, अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीने तो शिष्टसंमत मानला. आज स्पॅनिश सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. मेक्सिकोची वेगळी, क्यूबाची वेगळी, स्पेनची वेगळी. लिहिताना मात्र सगळे एकमेकांचे वाचू शकतात.

आता परत आपल्या गावी येऊ. दखनीचे व्याकरण नियमाने चालते, हे विद्यार्थ्यांनी आपल्याच घरी तपासून पाहावे. अनेकवचन 'आँ' लावून होते: बाताँ, लोगाँ, किताबाँ. दिल्लीवाला "मैंने रोटी खाई" म्हणेल, दखनीत 'ने' नाही. "मैं रोटी खाया". "जो आदमी आया" याऐवजी "आया सो आदमी", ही रचना मराठीच्या "आलेला माणूस" आणि तेलुगू-कानडीच्या वळणावर गेलेली. "येतो म्हणून गेला" याला "आता बोलके गया". हा 'बोलके' म्हणजे मराठीचा 'म्हणून', तेलुगूचा 'अनि'. "हल्लू चल" यातला हल्लू मराठी हळू. जुन्या ग्रंथांत 'आणि' या अर्थी 'होर' येतो. तो आपल्याकडे आता क्वचितच ऐकू येतो. पण नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेल्या पंजाबी यात्रेकरूंच्या जवळ उभे राहा, त्यांच्या बोलण्यात 'होर' हमखास येईल. सातशे वर्षांपूर्वी दिल्लीहून निघालेल्या तांड्यात पंजाबी किती होती, याचा पुरावा गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर मोफत मिळतो.

मात्र नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत दखनी एकसारखी नाही, आणि तसे असण्याला कारणे आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. भैंसा, मुधोळकडचा भाग नांदेड जिल्ह्यात होता. सरहद्द आखली गेली, पण सोयरिकी काही सरहद्द पाहून होत नाहीत. म्हणून धर्माबाद, बिलोली, देगलूरकडे तेलुगूचा शेजार, उदगीर, देवणी, औराद शहाजानीकडे कानडीचा, आणि लातूर, औशाकडे निव्वळ मराठीचा. रेल्वेनेही आपले काम केले असावे, असा माझा अंदाज आहे. निजामाच्या गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास नांदेड थेट हैदराबादला जोडले. लातूरला १९११ मध्ये आलेली बार्शी लाइटची छोटी गाडी माणसे नेई ती बार्शी-कुर्डुवाडीकडे. नांदेडचा व्यापारी हैदराबादची बोली ऐकून परते, लातूरचा आडत्या सोलापूरकडची. मराठीतही हा भेद आहेच. "काय करायलास?" आणि "काय करलालास?" यांवरून माणूस कुठला, हे आपण एस.टी. स्टँडवर ओळखतो.

पण या भेदांची नीट नोंद कोठे आहे? ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९१६ च्या खंडात दखनीला जागा मिळाली, परंतु तालुक्यातालुक्यांतील फरकापर्यंत ते काम गेले नाही. स्पेनमध्ये मान्वेल आल्वार या अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्यांसह अंदलुसियाच्या खेड्याखेड्यांत फिरून, नांगर, जू, चूल, भाकरी यांना काय म्हणतात ते म्हाताऱ्या माणसांना विचारून, १९६१ ते १९७३ या काळात सहा मोठे नकाशाग्रंथ काढले. मराठीच्या बोलींचे असे सर्वेक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अलीकडे केले आहे. दखनीचे आपण करावयाचे. आपल्यापैकी बहुतेक जण जनगणनेत मातृभाषा 'उर्दू' सांगतात, ते योग्यच आहे. पण त्या एका शब्दाखाली काय काय झाकले गेले, हे आपल्याशिवाय कोणाला कळणार नाही.

एक गैरसमज होऊ नये. मुलांनी शुद्ध उर्दू शिकू नये, असे मी म्हणत नाही. लिहिताना 'मुझे' आलेच पाहिजे. त्यावाचून पुस्तक वाचता येणार नाही आणि परीक्षेत गुणही मिळणार नाहीत. मराठीही उत्तम आली पाहिजे, कारण कोर्ट, कचेरी, बँक, दवाखाना सारे मराठीत आहे. माझे म्हणणे इतकेच, की शिक्षकाने "मेरेकू चूक आहे" असे न म्हणता "घरी मेरेकू, वहीत मुझे" असे म्हणावे. दोन कपड्यांचे जोड असावेत, तसे. ज्याच्या घरच्या बोलण्यात 'च' आहे, 'बोलके' आहे, 'हल्लू' आहे, त्या मुलाला मराठी अर्धी येतेच, हे मराठीच्या शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे. दखनी केवळ हसण्यासाठी आहे, असाही एक समज मुशायऱ्यांमुळे झाला आहे. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब (निधन १९७८) यांना ऐकून लोक हसत, हे खरे. पण त्यांचा 'केवडे का बन' हा संग्रह शांतपणे वाचला, तर हसण्याच्या पाठीमागे गरिबाच्या घरातली पहिली तारीख आणि सासरी नांदणारी लेक दिसते.

सुटीत मामाच्या गावी जाणाऱ्या आठवीच्या वरच्या मुलामुलींनी एक वही बरोबर न्यावी. पानाच्या डोक्यावर गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे. नाव लिहिले नाही तरी चालेल. आजीला विचारावे: भाकरी ज्यात मळता त्याला काय म्हणता? जात्याच्या खुंट्याला? पहिल्या पावसाला? लहान मुलाला 'पोट्टा' म्हणता का, आणि म्हणत असाल तर पलीकडच्या गावात काय म्हणतात? दळताना म्हणण्याचे काही आठवते का? हा शेवटचा प्रश्न आधी विचारावा, कारण पिठाच्या गिरण्या येऊन बराच काळ लोटला आणि आठवणाऱ्या बायका थोड्या उरल्या आहेत. उत्तर जसेच्या तसे लिहावे, सुधारून लिहू नये. उर्दू लिपीत लिहा की देवनागरीत, दोन्ही चालेल. फक्त कानाला जे आले तेच उतरले पाहिजे. वह्या संस्थेच्या ग्रंथालयात जमा कराव्यात.

पहिला शब्द मी देतो. आमची आई ऐकीव बातमी सांगताना वाक्याच्या शेवटी 'कते' म्हणे. "उनो कल आए कते." म्हणजे मराठीत "ते काल आले म्हणे"; जबाबदारी आपली नाही, लोक म्हणतात. मूळ शब्द 'कहते'. आईच्या बोलण्यात तो दिवसातून पन्नास वेळा येई, माझ्या बोलण्यात कधीतरी येतो, नातवंडांच्या बोलण्यात मी अजून ऐकलेला नाही. तुमच्या घरी कोणी म्हणते का?